मातीचा सामू आणि माणसाचा सामू



 लातूरच्या या व्याख्यानमालेच्या संयोजकांनी मला विषय दिला आहे ‘आहार आणि शरीरातला आम्ल-अल्कलीचा समतोल’. पुढच्या रांगेत काही जण वही उघडून बसलेले दिसतात. त्यांना बहुधा तक्ता उतरवून घ्यायचा असावा. डाव्या बाजूला आम्लधर्मी पदार्थ, उजव्या बाजूला अल्कधर्मी. डावीकडचं सोडा, उजवीकडचं खा, सगळे रोग पळून जातील. हा तक्ता तुमच्या मोबाइलवर केव्हाच येऊन पडलेला आहे. मी तो देणार नाही. तो का देत नाही, एवढंच आज सांगणार आहे.

इथे शेतकरी पुष्कळ आहेत, म्हणून सुरुवात शेतापासून करू. माती परीक्षणाच्या अहवालात ‘सामू’ नावाचा रकाना असतो. सामू ७ म्हणजे उदासीन. त्याखाली आम्ल, त्यावर अल्कली. आपल्या काळ्या मातीचा सामू साधारण साडेसात ते साडेआठच्या आसपास. चुनखडीच्या रानात सोयाबीन पिवळं का पडतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. जमिनीत लोह असतं, पण अल्कली मातीत ते पिकाला घेता येत नाही. चोपण जमिनीला आपण जिप्सम देतो, शेणखत घालतो, चर काढतो. म्हणजे मातीत जे घालू तशी माती होते. मग साहजिकच वाटतं की शरीराचंही तसंच असेल. आंबट खाल्लं की रक्त आंबट, अल्कली प्यालं की रक्त अल्कली.

इथेच गफलत आहे. मातीला मूत्रपिंड नसतं. मातीला फुप्फुस नसतं. माणसाला दोन्ही आहेत.

आता पहिला मुद्दा. रक्ताचा सामू कोण सांभाळतं?

सामू मोजण्याची ही पट्टी फार जुनी नाही. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेनसेन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने ती १९०९ साली मांडली. ही प्रयोगशाळा बिअर बनवणाऱ्या कारखान्याची होती, हे जाता जाता सांगतो. या पट्टीवर एक पायरी म्हणजे दहापट फरक. निरोगी माणसाच्या रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ यांच्या दरम्यान राहतो. ६.८ च्या खाली किंवा ७.८ च्या वर गेला की माणूस वाचणं कठीण. म्हणजे आपलं रक्त मुळातच किंचित अल्कली आहे. ते अल्कली ‘करून देतो’ म्हणणाऱ्याला विचारा, बाबा, आहे ते तू आणखी काय करणार?

आणि हा सामू तसाच ठेवणं सोपं काम नाही. अन्न जाळून शरीर दिवसाला सुमारे १५,००० मिलिमोल कार्बन डायऑक्साइड तयार करतं. पाण्यात विरघळला की तो आम्लच. तो बाहेर टाकायचं काम फुप्फुसांचं. तुम्ही आत्ता इथे बसल्या बसल्या ते काम चाललं आहे. कुणी जोरजोरात कपालभाती केली की बोटांना मुंग्या येतात. कारण कार्बन डायऑक्साइड भराभर बाहेर गेल्याने रक्त थोडा वेळ जास्त अल्कली होतं. चार महिने काकडी खाऊन जो आकडा हलत नाही, तो श्वासाने दोन-तीन मिनिटांत हलतो. आणि श्वास शांत झाला की परत जागेवर येतो.

श्वासावाटे जात नाही असं आम्लही असतं. प्रथिनांतल्या गंधकापासून सल्फ्युरिक आम्ल होतं. होय, तेच, बॅटरीतलं. मोठ्या माणसात असं आम्ल दिवसाला साधारण ६० ते ७० मिलिमोल बनतं. ते रक्तातलं बायकार्बोनेट जागच्या जागी मारतं आणि मूत्रपिंड लघवीवाटे काढून टाकतं. शिवाय मूत्रपिंडं रोज सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातलं जवळजवळ सगळं बायकार्बोनेट रक्ताला परत देतात. खायच्या सोड्याच्या भाषेत सांगायचं तर साडेतीनशे ग्रॅमहून जास्त सोडा. रोज! आपण जेवणानंतर चिमूटभर सोडा घेतो आणि शरीर अल्कली केलं म्हणतो. ज्या दोन मुठीएवढ्या अवयवांनी कोरड्या दुष्काळातही एक दिवस सुटी घेतली नाही, त्यांचं नावही आपल्याला आठवत नाही.

दुसरा मुद्दा. मग अन्नाने काहीच होत नाही का?

होतं. पण जिथे होतं असं आपल्याला वाटतं, तिथे नाही. क्लोद बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत बाजारातून ससे आणले होते. सशाची लघवी एरवी गढूळ आणि अल्कली. या सशांची मात्र स्वच्छ आणि आम्ल निघाली, मांसाहारी प्राण्यासारखी. बर्नारने ओळखलं की ससे उपाशी आहेत, स्वतःचंच मांस जाळून जगत आहेत. गवत घातलं, लघवी पुन्हा अल्कली झाली. सांगायचा मुद्दा असा की अन्नाने बदलते ती लघवी. लघवीचा सामू ४.५ पासून ८ पर्यंत फिरतो, आणि तो फिरतो म्हणूनच रक्ताचा फिरत नाही. बाजारात मिळणारी रंग बदलणारी पट्टी लघवीत बुडवून ‘माझं शरीर आम्ल झालं’ असं कुणी म्हणत असेल, तर त्याने मूत्रपिंडाच्या चोख कामाचा पुरावा हातात धरला आहे आणि त्यालाच तो रोग म्हणतो आहे.

आणखी एक गंमत. जिभेला आंबट लागतं ते शरीरात आम्ल करतंच असं नाही. लिंबू घ्या. जिभेवर आंबट, पण त्यातलं सायट्रिक आम्ल शरीरात जळून जातं आणि पोटॅशियमच्या जोडीने आलेल्या सायट्रेटपासून उरतं ते बायकार्बोनेट, म्हणजे अल्कली. उलट ज्वारीची भाकरी जिभेला गोड, पण तिच्यातल्या गंधक-फॉस्फरसामुळे मूत्रपिंडाकडे थोडं आम्लच जातं. गहू, तांदूळ, शेंगदाणे, अंडी, मटण यांचंही तेच. डाळी मध्ये कुठेतरी. दूध-ताक जवळजवळ उदासीन. पालेभाज्या, फळभाज्या, फळं, बटाटा, चिंच ही अल्कलीच्या बाजूची.

मग भाकरी सोडायची? अजिबात नाही. आपल्याकडचा येळवशीचा बेत आठवा. मार्गशीर्ष अमावस्येला लातूर-धाराशिवकडे सगळं गाव रानात जातं. कडब्याची कोप, पूजा, आणि मग जेवण. ज्वारी-बाजरीचे उंडे. भज्जीत तुरीचे कोवळे दाणे, ओला हरभरा, वाटाणा, मेथी, पालक, कांद्याची पात, गाजर, जे माळवं हाताला लागेल ते, वर बेसन आणि चिंचेचा कोळ. आणि मडक्यातली ताकाची आंबील. त्या तक्त्याप्रमाणे या पंगतीची मांडणी करून बघा. उंडे डावीकडे, माळवं आणि चिंच उजवीकडे, ताक मधोमध. आंबिलीतलं लॅक्टिक आम्ल तर शरीरात जळून कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होऊन जातं. एका पंगतीत दोन्ही बाजू भरून निघाल्या, आणि हिशेब कुणी केला नव्हता. आजीला सामू ठाऊक नव्हता. हंगाम ठाऊक होता.

अडचण येळवशीची नाही, उरलेल्या वर्षाची आहे. ताटातली भाकरी-पोळी तेवढीच राहिली. अंबाडी, करडई, घोळ, चाकवत मात्र निघून गेले. तुरीच्या जागी शेतात सोयाबीन उभं राहिलं आणि बांधावरची भाजी तणनाशकाने जळाली. भाज्या खा, असं मी म्हणतो तेव्हा रक्त अल्कली होईल म्हणून म्हणत नाही. त्यांत पोटॅशियम आहे, चोथा आहे, रक्तदाबाला त्यांची मदत होते आणि मूत्रपिंडाचं ओझं हलकं होतं, म्हणून म्हणतो. मुतखड्याचंही तसंच. उन्हाळ्यात आपल्याकडे प्रत्येक वाड्यावस्तीत एक तरी मुतखडेवाला सापडतो. युरिक आम्लाचा खडा आम्ल लघवीत होतो. तिथे लिंबूपाणी, सायट्रेट उपयोगी. पण कॅल्शियम फॉस्फेटचा खडा अल्कली लघवीत वाढतो! म्हणजे खडा कोणता हे पाहिल्याशिवाय सगळ्यांना एकच उपाय चालत नाही. पाणी भरपूर, हा सल्ला तेवढा दोघांनाही लागू.

तक्ता वाचून काही म्हाताऱ्या माणसांनी वरण, दूध, अंडी सोडली आहेत. हाडं झिजतात म्हणून. आम्ल अन्न हाडातलं कॅल्शियम ओढून नेतं असा एक तर्क बरीच वर्षं चालला. नीट तपासल्यावर तो टिकला नाही. सत्तरीच्या माणसाचं वरण काढून घेतलं तर हाडं वाचत नाहीत, उलट स्नायू मात्र जातात.

तिसरा मुद्दा. रक्त खरोखर आम्ल होतं तेव्हा काय होतं?

होतं, आणि ते फार भयानक असतं. पहिला प्रसंग पटकीचा. ही साथ १८३१ साली इंग्लंडात आली. विल्यम ओशॉनेसी नावाचा बावीस वर्षांचा डॉक्टर रुग्णांचं रक्त तपासत होता. त्याच्या लक्षात आलं की जुलाबांवाटे पाणी जातं, मीठ जातं आणि रक्तातली अल्कलीही जाते. हाच ओशॉनेसी पुढे कलकत्त्याला आला आणि हिंदुस्थानात तारायंत्राच्या ताराही त्याने टाकल्या. १९७१ साली त्याच बंगालमध्ये, बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीने माणसं मरत होती. सलाइन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा पाण्यात कालवून नातेवाइकांच्या हाती दिला. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं, ते ४ टक्क्यांच्या खाली आलं. आज आरोग्य केंद्रात मिळणाऱ्या ओआरएसच्या पुडीत सोड्याच्या जागी सायट्रेट आहे, पण काम तेच. पाहा, अल्कलीवर माझा राग नाही. योग्य माणसाला, योग्य वेळी, मापून दिलेली अल्कली जीव वाचवते.

दुसरा प्रसंग मधुमेहाचा. इन्सुलिन नसलं की शरीर चरबी जाळतं, किटोन आम्लं साचतात, रक्ताचा सामू खाली येतो. रुग्ण खोल आणि भराभर श्वास घेऊ लागतो. कुसमाउल या जर्मन डॉक्टरने हा श्वास १८७४ साली नोंदवला. तोंडाला सडक्या फळासारखा वास येतो. पोटात दुखतं, उलट्या होतात, घरचे म्हणतात पित्त झालं. शुगर असलेलं लेकरू असा श्वास घेत असेल तर काकडीचा रस नको, अल्कली पाणी नको. सरळ नांदेडचं नाहीतर लातूरचं शासकीय रुग्णालय गाठा. तिथे लागतं इन्सुलिन आणि सलाइन.

तिसरा प्रसंग मूत्रपिंड थकल्याचा. इथे माझ्या भाषणाचं मर्म आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो. मूत्रपिंड निकामी होत चाललं की रोजचं आम्ल बाहेर पडत नाही, रक्तातलं बायकार्बोनेट घटतं. अशा माणसाच्या बाबतीत आहाराचा आणि आम्लाचा संबंध खराखुरा आहे. डॉक्टर त्याला सोड्याच्या गोळ्या देतात, प्रथिनं मापून देतात, काहींना भाज्या वाढवायला सांगतात. पण त्याच माणसाचं मूत्रपिंड पोटॅशियमही बाहेर टाकू शकत नसतं. अल्कली तक्त्यातली उजवी बाजू काय आहे? नारळपाणी, केळी, फळांचे रस, टोमॅटो. सगळी पोटॅशियमने भरलेली. रक्तात पोटॅशियम वाढलं की हृदय थांबू शकतं. आता जमाखर्च मांडा. ज्याचं मूत्रपिंड धडधाकट आहे, त्याला तक्त्याची गरज नाही. ज्याचं बिघडलं आहे, त्याला आहार सांभाळण्याची गरज आहे, पण तोच तक्ता त्याचा जीव घेऊ शकतो. मग हा तक्ता नेमका कुणासाठी आहे?

चौथा मुद्दा याच प्रश्नाच्या उत्तराचा आहे. तक्ता विकणाऱ्यांसाठी आहे.

अमेरिकेत रॉबर्ट यंग नावाच्या माणसाने सामूच्या चमत्कारावर पुस्तकं लिहिली, ती भरपूर खपली. सगळ्या रोगांचं मूळ आम्ल, असं त्याचं म्हणणं. वैद्यकीय परवाना नसताना उपचार केल्याबद्दल २०१६ साली कॅलिफोर्नियात तो दोषी ठरला. २०१८ साली, त्याच्यावर विसंबून कर्करोगाचा वेळेवर उपचार न घेतलेल्या एका बाईच्या दाव्यात ज्यूरीने त्याच्यावर साडेदहा कोटी डॉलरची भरपाई बसवली. ही मंडळी ऑटो वारबुर्गचं नाव फार घेतात. वारबुर्गला १९३१ साली नोबेल मिळालं, हे खरं. कर्करोगाच्या पेशी साखर आंबवून आम्ल तयार करतात, हे त्याने पाहिलं, हेही खरं. पण ते आम्ल कर्करोगाची गाठच तयार करते. तुमच्या जेवणातून ते आलेलं नसतं, आणि अल्कली पाणी पिऊन ते जात नाही.

पाणी अल्कली करण्याचं यंत्रही आता आपल्या गावात येऊन पोचलं आहे. किंमत लाखाच्या पुढे. साधा हिशेब करू. साध्या शुद्ध पाण्याचा सामू ९.५ वर नेला, तर एक लिटर पाण्यातली सगळी अल्कली मारायला जठरातला आम्ल रस किती लागेल? दीडच्या आसपास सामू असलेला रस साधारण एक मिलिलिटर. पाण्यात बायकार्बोनेट विरघळलेलं असेल तर आणखी जास्त. एवढ्यासाठी लाख रुपये! तेवढ्यात बोअरचा खर्च निघेल.

आणि बोअरचा विषय निघालाच आहे. नांदेड जिल्ह्यात पश्चिमेला बेसॉल्टचा काळा दगड, आणि देगलूर, बिलोली, किनवटच्या बाजूला ग्रॅनाइट सुरू होतो. त्या खडकात फ्लोराइड आहे. ते पाण्यात कधी जास्त विरघळतं? पाणी अल्कली असेल, बायकार्बोनेट जास्त आणि कॅल्शियम कमी असेल तेव्हा. किनवटच्या काही गावांत मुलांच्या दातांवर तपकिरी पट्टे का दिसतात, मोठ्या माणसांचे सांधे का आखडतात, त्याची वाट ही अशी जमिनीखालून आलेली आहे. एकीकडे शहरात पैसे मोजून अल्कली पाणी घ्यायचं, आणि दुसरीकडे फुकटचं अल्कली पाणी पिऊन माणसं वाकायची! पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात सामू साडेसहा ते साडेआठ चालतो. फ्लोराइड मात्र लिटरला १ मिलिग्रॅमच्या आत असावं. दुसरा स्रोतच नसेल तर फार तर दीड. म्हणजे पाण्याच्या अहवालात नजर कुठे ठेवायची ते तुम्हीच ठरवा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी मुलांना चिंच देऊन पाहिलं, तेव्हा लघवीवाटे फ्लोराइड जास्त बाहेर पडलं. प्रयोग लहान होता. चिंचेवर विसंबून वाईट पाणी पीत राहू नका. पाणी बदला. चिंच आहेच.

२०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. घागर घेऊन रांगेत उभ्या असलेल्या कुणी त्या पाण्याचा सामू विचारल्याचं ऐकिवात नाही.

जाता जाता पित्ताबद्दल, कारण तुमच्या प्रश्नांच्या चिठ्ठ्या त्याच्याच जास्त आल्या आहेत. छातीत जळजळ, करपट ढेकर, आंबट पाणी वर येणं, हे जठरातलं आम्ल चुकीच्या जागी गेल्याचं दुखणं आहे. रक्ताच्या सामूशी त्याचा संबंध नाही. जठरात आम्ल असलंच पाहिजे. जंतू मारायला, प्रथिनं पचवायला. जठरात व्रण होण्यामागे बहुतेक वेळा हेलिकोबॅक्टर नावाचा जंतू असतो, हे ऑस्ट्रेलियाच्या मार्शल आणि वॉरन यांनी १९८२ साली शोधलं आणि २००५ साली त्यांना नोबेल मिळालं. त्यापूर्वी अमेरिकेत सिप्पी नावाच्या डॉक्टरने १९१५ पासून दर तासाला दूध आणि अल्कली पावडर द्यायची पद्धत रूढ केली होती. काही वर्षांतच रुग्णांच्या रक्तात अल्कली आणि कॅल्शियम चढून मूत्रपिंडं बिघडल्याचं दिसू लागलं. चरकसंहितेतही क्षाराचा अतिवापर करू नये, असं पिंपळी आणि मिठाच्या जोडीने बजावलेलं आहे. म्हणून रोज उठून उपाशीपोटी पित्ताची गोळी, रोज रात्री सोडा, हे स्वतःच्या मनाने चालू ठेवू नका. आणि पन्नाशीच्या माणसाची छाती भरून येत असेल, घाम सुटत असेल, दुखणं हातात किंवा जबड्यात जात असेल, तर ‘गॅस झालाय’ म्हणत सोडा पीत बसू नका. त्याच मिनिटाला दवाखाना गाठा. सोड्याच्या नादात माणसं गेली आहेत.

आता समारोप करतो. चार गोष्टी सांगितल्या. रक्ताचा सामू फुप्फुसं आणि मूत्रपिंडं सांभाळतात. अन्नाने बदलते ती लघवी. रक्त खरोखर आम्ल होतं ते मोठ्या आजारात, आणि तिथे दवाखानाच लागतो. आणि निरोगी माणसाला अल्कली विकणं हा व्यापार आहे.

मग करायचं काय? ज्या मूत्रपिंडांवर हे सगळं उभं आहे, ती जपायची. रक्तदाब आणि शुगर तपासून ताब्यात ठेवायची. खुरपणी करून, पोती उचलून अंग दुखलं की सुईचा किंवा दुखण्याच्या गोळीचा आग्रह धरायचा नाही. रोजच्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाला भारी पडतात. मध्य अमेरिकेत उन्हात ऊस तोडणाऱ्या तरुण मजुरांची मूत्रपिंडं मोठ्या संख्येने निकामी होत गेली; उष्णता आणि पाण्याची ओढ ही तिथली मोठी कारणं मानली जातात. आपल्या मराठवाड्यातून किती टोळ्या ऊसतोडीला जातात? मुकादमाने उचल दिली, कोयता दिला; सावली आणि पाण्याची कॅन देणं त्याचं काम नाही का?

आणि शेवटचं. गावोगावचे सरपंच, ग्रामसेवक इथे असतील. शेताच्या मातीची तपासणी आपण करून घेतो. तशीच गावच्या पिण्याच्या बोअरची फ्लोराइडची तपासणी करून घ्या आणि अहवाल ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावा. चाळिशी ओलांडलेल्या, शुगर-बीपी असलेल्या प्रत्येकाची वर्षातून एकदा क्रिएटिनिन आणि लघवीतल्या प्रथिनांची तपासणी होऊ द्या. ती खर्चिक नाही. मोबाइलवरचा तक्ता पुढे पाठवायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात ग्रामसभेच्या अजेंड्यावर हा विषय घालता येतो.